गोळीला दाद न देणारे किडे



पावसाळ्याच्या तोंडावर एका पाड्यावर गेले होते. तिथल्या एका मावशींनी तांदळाची गोणी उघडून दाखवली. म्हणाल्या, "ताई, दुकानातून गोळी आणून टाकली. दोन दिवस घरात उग्र वास होता. पोरं बाजूलाच निजली. तरी हे बघा, किडे चालतातच." त्या घरात काही अघटित घडले नाही, ही देवाची कृपा. पण हा विषय आपण सर्वांनी नीट समजून घ्यायला हवा.

गोळी काय करते?

ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या गोळीतून साधारण एक ग्रॅम वायू मिळतो. तो दाण्याच्या आतपर्यंत शिरतो आणि किड्याच्या पेशींमध्ये शक्ती तयार होण्याचे काम बिघडवतो. माणसाच्या शरीरातही तो हेच करतो, आणि या विषावर उतारा नाही. म्हणूनच नियमाप्रमाणे ही गोळी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायची असते. राहत्या घरात तिला जागा नाही.

किडे का मरत नाहीत?

गोदामात धान्याची थप्पी वायू न झिरपणाऱ्या आवरणाने झाकून, कडा बंद करून, कित्येक दिवस वायू कोंडून ठेवतात. अंडी आणि कोष चिवट असतात, त्यामुळे वायूचे प्रमाण पुरेसे असले तरी वेळही पुरेसा द्यावा लागतो. घरातल्या गोणीतून वायू लगेच निसटतो. कमजोर किडे मरतात, चिवट उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. असे वर्षानुवर्षे झाले की गोळीला दाद न देणारी जात तयार होते.

ही भीती नवी नाही. 1972-73 मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने केलेल्या पाहणीतच अशा किड्यांची नोंद झाली होती. दाणे पोखरणारा भुंगेरा आणि पिठातला तांबडा भुंगेरा यांच्यात हा गुण मुख्यतः दोन जनुकांमुळे येतो, असे पुढे दिसून आले. एका जनुकामुळे थोडी ताकद येते, दोन्ही एकत्र आली की ती कितीतरी पटीने वाढते. त्यांतल्या एका जनुकाची ओळख 2012 साली पटली. पेशीत शक्ती तयार करणाऱ्या कामातलेच ते जनुक आहे. आपल्या देशातल्या किड्यांतही त्याचे बदललेले रूप सापडले आहे.

या ताकदीची किंमत

शक्ती तयार करणाऱ्या यंत्रणेतच बदल झाला, तर किड्याला त्याची किंमत मोजावी लागेल, असे वाटणे साहजिक आहे. ब्राझीलमधल्या अभ्यासात तसे आढळलेही. जास्त प्रतिकार करणाऱ्या किड्यांचा श्वसनाचा वेग कमी होता आणि त्यांची संख्या सावकाश वाढत होती. अशा ठिकाणी गोळीचा वापर थांबला, तर साधे किडे पुन्हा वरचढ होऊ शकतात. पण सगळीकडे असे दिसत नाही. काही ठिकाणी चिवट किडे साध्या किड्यांइकेच जोमाने वाढतात. म्हणून "थोडी वर्षे थांबू, आपोआप ठीक होईल" या भरवशावर राहता येत नाही.

आपण काय करावे?

• धान्य कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावरच भरावे. ओलसर दाण्यात कीड झपाट्याने वाढते.
• कणगी, कोठी झाडून फटी लिंपाव्यात. जुन्या गोण्या उकळत्या पाण्यात बुडवून वाळवाव्यात.
• जुने धान्य नव्यात मिसळू नये.
• हवाबंद पिंप काठोकाठ भरून घट्ट बंद करावे. आतला प्राणवायू संपला की किडे गुदमरतात. मात्र पिंप सारखे उघडू नये.
• नागली चांगली टिकते. अडचणीच्या महिन्यांसाठी ती जरूर राखून ठेवावी.
• धान्य बँकेत धुरी द्यायचीच असेल, तर ती प्रशिक्षित माणसाकडूनच द्यावी.

त्या मावशींच्या घरी आता झाकणाचे पिंप आहे. उरलेल्या गोळ्या त्यांनी स्वतः हात न लावता कृषी सहायकांच्या ताब्यात दिल्या. आपल्या ओळखीच्या किती घरांत अशा गोळ्या आजही फळीवर पडून आहेत? पुढच्या महिला सभेत हा प्रश्न अवश्य विचारा.