‘नॉव्हेल’ आणि ‘कादंबरी’ : एका संज्ञेचा प्रवास

इंग्रजीतील ‘नॉव्हेल’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘नोवुस’ म्हणजे ‘नवा’ या विशेषणात आहे. संस्कृत ‘नव’ हा त्याचाच सगोत्र. इटालियन भाषेत त्यापासून ‘नोव्हेला’ शब्द सिद्ध झाला. त्याचा अर्थ प्रथम ताजी वार्ता आणि पुढे नुकतीच घडल्यासारखी सांगितलेली छोटी गोष्ट. बोकाच्चोच्या ‘देकामेरॉन’मधील गोष्टी या अर्थाने नोव्हेला होत. विल्यम पेंटरने १५६६ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात इंग्रजी शब्द अशाच छोट्या गोष्टींसाठी येतो. दीर्घ गद्यकथनाचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

या अर्थविस्तारात निर्णायक ठरला तो ‘रोमान्स’शी असलेला विरोध. काँग्रीव्हने ‘इन्कॉग्निटा’च्या प्रस्तावनेत (१६९२) आणि क्लारा रीव्हने ‘द प्रोग्रेस ऑफ रोमान्स’मध्ये (१७८५) तो स्पष्टपणे मांडला : रोमान्स उदात्त व असंभाव्य, तर नॉव्हेल परिचित जीवनाच्या निकटचे. फ्रेंच व जर्मन भाषांनी मात्र ‘रोमाँ’ व ‘रोमान’ हीच नावे दोन्हींसाठी ठेवली.

मराठीत प्रारंभी ‘नावल’ हे रूप वापरात होते. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ च्या निबंधाच्या शीर्षकातच ते आहे. रूढ झाली ती ‘कादंबरी’. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या नायिकेचे विशेषनाम असे सामान्यनाम झाले. (संस्कृत साहित्यशास्त्राने त्या कृतीला ‘कथा’ म्हटले होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे.) कन्नडनेही हीच संज्ञा स्वीकारली, बंगाली व हिंदीने ‘उपन्यास’, तर गुजरातीने ‘नवलकथा’ पसंत केली. गुजराती पर्यायात नावीन्य टिकले, शिवाय मूळ शब्दाचा ध्वनीही.

ही निवड केवळ नावापुरती राहिली नाही. ‘कादंबरी’ या नावाबरोबर गंधर्वलोक, जन्मांतरे आणि अलंकृत गद्य यांचे स्मरणही आले. परिणामी इंग्रजीने विलग केलेले दोन प्रकार मराठीत एकाच संज्ञेखाली नांदू लागले. हळबे यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ (१८६१) या नावाला सहज शोभते. विधवांच्या स्थितीचे चित्रण करणारे बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) तितके शोभत नाही. तिच्या कलात्मक उणिवा खऱ्याच. तथापि ‘नॉव्हेल’च्या मूळ अर्थाने पाहता परिचित जीवनाशी तिचेच नाते अधिक निकटचे आहे. हरि नारायण आपटे यांनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना ‘आजकालच्या गोष्टी’ असे नाव दिले. ‘नोव्हेला’चा इतका अचूक मराठी पर्याय दुसरा आढळत नाही, पण तो मालिकेचे नाव म्हणूनच राहिला.