कायदेमंडळ, आकडे आणि आपला अभ्यास

गावात एखादी अडचण आली की आपण निवेदन लिहितो, मोर्चा काढतो, तहसील कचेरीवर जातो. ते करावेच लागते. परंतु ती अडचण किती जणांची आहे, तिच्यावर पूर्वी कोणता ठराव झाला होता आणि त्याचे पुढे काय झाले, ही माहिती आपल्या हाती क्वचितच असते. माहितीवाचून केलेली मागणी सरकारला सहज टाळता येते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कायदेमंडळातील कार्याकडे आपण या दृष्टीने पाहिले पाहिजे.

१९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद झाले. त्याच वर्षी १२ मार्च रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करीत होते आणि अबकारी करातून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करीत होते. शाळेत गेलेल्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचत; बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होत. लोकांकडून अबकारीत जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते.

या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच्याही पाठीशी कायदेमंडळाचा कागद होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला होता. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरीही पाणी घेता येत नव्हते. कागद आणि पाणवठा यांतील हे अंतर सत्याग्रहाने जगापुढे आणले.

पुढे १९२८ साली डॉ. पी. जी. सोळंकी यांच्या ठरावावरून मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. तिच्यात बाबासाहेब, डॉ. सोळंकी आणि ठक्करबाप्पा हेही होते. समितीचा अहवाल १९३० साली आला. हक्क मागणाऱ्यांवर गावकरी बहिष्कार कसा टाकतात, काम, वाट आणि दुकानातील माल कसा बंद करतात, हे त्यात नोंदलेले आहे. त्याच वर्षी लंडनच्या गोलमेज परिषदेत संरक्षणाची मागणी करताना बाबासाहेबांनी याच अहवालातील उतारा पुराव्यादाखल दिला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली. नोंद झाली म्हणून न्याय लगेच मिळतो असे नाही. परंतु नोंदच नसेल तर पुढच्या पिढीला आरंभापासून सुरुवात करावी लागते.

आज आपल्याजवळ अधिक साधने आहेत. आमदारांना तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना मांडता येते. खर्चाचा हिशेब महालेखापरीक्षकांच्या अहवालात येतो आणि लोकलेखा समिती तो तपासते. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. बाबासाहेबांची कायदेमंडळातील भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहेत.

म्हणून वेळापूर व परिसरातील विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे. आपल्या वस्तीतील किती मुले पहिलीत गेली आणि किती दहावीपर्यंत टिकली? शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली, आणि वर्ष संपण्यापूर्वी मिळाली की नंतर? एक वही करा. नाव, वर्ष, तारीख लिहा. ऐकीव गोष्ट लिहू नका. माळशिरस मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव जागेवरून निवडून गेलेला आमदार कोणत्याही पक्षाचा असो, ती वही त्याच्या हाती द्या आणि सभागृहात प्रश्न विचारण्याची विनंती करा. आलेले उत्तर वस्तीत सर्वांना वाचून दाखवा.

‘शिका’ या आदेशाचा अर्थ केवळ पदवी घेणे असा नाही. आपल्या दुःखाचा हिशेब आपणच नीट मांडायला शिकणे, हाही त्याचा अर्थ आहे.