टॉर्चचं सामान: कंपनीचं घ्यायचं की लोकल?



आपल्या संघात ग्रिल, गेट आणि धान्याच्या कोठ्या बनवणारा एक गट आहे. मागच्या महिन्यात त्यांच्या बैठकीत खर्चाचा हिशोब चालला होता आणि 'प्लाझ्मा टॉर्चचं सामान' या एका ओळीवर गाडी अडली. अध्यक्षाताई म्हणाल्या, "लोकल आणा, निम्म्याहून कमी पैशांत येतं." कटिंग करणाऱ्या ताई म्हणाल्या, "स्वस्त कसलं? दिवसातून दोनदा बदलावं लागतं." दोघी आपापल्या ठिकाणी ठाम, आणि वहीत नोंद एकीचीही नाही. तिकडे बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातोच.

मी समाजकार्य शिकलेली, पत्रा कापणं माझा विषय नाही. म्हणून त्या दिवशी शेडमध्येच बसले आणि टॉर्च उघडून दाखवायला सांगितलं. (उघडण्याआधी मशीनचा मेन स्विच बंद. ही सवय मोडू नका.)

आत मुख्य भाग दोन. इलेक्ट्रोड, म्हणजे तांब्याची कांडी, तिच्या टोकात हाफ्नियम नावाच्या धातूचा बारीक ठिपका बसवलेला असतो. आणि टीप, म्हणजे बारीक भोकाचं तांब्याचं टोपण. वीज इलेक्ट्रोडवरून उडते, कॉम्प्रेसरची हवा तिच्यामुळे प्रचंड तापते आणि टिपेच्या भोकातून धारेसारखी बाहेर पडून पत्रा कापते. टॉर्च प्रत्येक वेळी पेटताना आणि विझताना तो हाफ्नियमचा ठिपका थोडा थोडा झिजतो. म्हणून लांब सरळ कापलं तर सामान जास्त टिकतं, आणि लहान लहान तुकडे कापले तर लवकर संपतं. वादातला अर्धा गोंधळ इथेच होता. एका आठवड्यात कोठीचे लांब पत्रे कापले होते, दुसऱ्या आठवड्यात गेटची नक्षी. मग तुलना कशी होणार?

आता बाजारात मिळतं काय ते बघू. एक, मशीनच्या कंपनीचं. दोन, दुसऱ्या कारखान्यानं त्या टॉर्चला बसेल असं स्वतःच्या नावानं बनवलेलं. यालाच आपण लोकल म्हणतो. यात चांगलंही असतं आणि टाकाऊही. तीन, नकली: डबीवर नाव कंपनीचं, आत भलतंच. लोकल घेणं हा व्यवहार आहे, नकली मिळणं ही फसवणूक. म्हणून पक्कं बिल घ्या, आणि बिलावर टॉर्चचा नंबर लिहून घ्या.

खराब सामानात चूक बहुतेक मापाची असते. टिपेचं भोक मधोमध नसलं तर धार तिरकी जाते, पत्र्याची एक कड उतरती येते आणि खाली मळी चिकटते. मग ग्राइंडर घेऊन बसा. इलेक्ट्रोड नीट टेकला नाही तर टॉर्चचं डोकंच तापून जळतं. तो खर्च टिपेच्या खर्चापुढे फार मोठा. माझं मत विचाराल तर टीप लोकल घेऊन बघायला हरकत नाही, पण इलेक्ट्रोडच्या बाबतीत घाई करू नका.

खरं उत्तर मात्र वहीतूनच निघेल. दोन्ही प्रकारचा एकेक नवा जोड घ्या. तोच पत्रा, तीच जाडी, तेवढेच अँपियर, तेवढीच हवा आणि शक्यतो कापणारी बाईही तीच. टॉर्च पेटवला की वहीत एक रेघ. समजा, लोकल जोड ९० रुपयांचा आणि ६० कट चालला, तर कटाला दीड रुपया. कंपनीचा २४० चा, पण २०० कट चालला, तर कटाला १ रुपया २० पैसे. इथे महागच स्वस्त पडलं. पण तोच लोकल १०० कट चालला असता तर ९० पैसेच पडले असते, आणि अध्यक्षाताई जिंकल्या असत्या! शेजारी ग्राइंडरला गेलेला वेळही लिहा, तीही मजुरीच आहे.

बदलायचं कधी? टिपेचं गोल भोक लांबट झालं, किंवा इलेक्ट्रोडच्या टोकाला साधारण दीड मिलिमीटर खोल खड्डा पडला, की बदला. "अजून चालतंय" म्हणत ओढू नका.

आणि सामानाला दोष देण्याआधी कॉम्प्रेसर बघा. टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर टॉर्चमध्ये गेलं तर कंपनीचं सामानही झटपट जातं. रोज सकाळी खालचा नळ उघडून पाणी काढा, पावसाळ्यात दोनदा. उगाच हवेत टॉर्च पेटवून बघू नका. ४० अँपियरची टीप लावून मशीन ६० वर फिरवू नका. कापून झाल्यावर हवा थोडा वेळ येत राहते ती येऊ द्या, लगेच स्विच बंद करू नका, त्या हवेनंच टॉर्च गार होतो.

ज्या गटांकडे प्लाझ्मा मशीन आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला ही वही आणा. सोबत जुन्या टिपा आणि इलेक्ट्रोडही डब्यात घालून आणा, फेकू नका. कुठला कशानं गेला ते समोर ठेवून बघू.