गंभीर भाजणे : बोलणारा रुग्णही धोक्यात असतो

“डॉक्टर, पेशंट तर चांगला बोलतो आहे, मग मोठ्या दवाखान्यात कशाला न्यायचा?” भाजलेल्या माणसाचे नातेवाईक मला हमखास असे विचारतात. शिरपूर जैनसारख्या गावी गाडी, पैसा, सोबतीचा माणूस या अडचणी खऱ्याच असतात. म्हणून उत्तर नीट समजून घ्यावे.

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाट येथे एका तरुणीला पेट्रोल टाकून पेटविण्यात आले. ती सुमारे ४० टक्के भाजली होती. नागपूरला शर्थीचे उपचार होऊनही १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. “निम्मेही अंग भाजले नव्हते, मग कशी गेली?” असे अनेकांनी मला विचारले. तिचा चेहरा आणि श्वासनलिका होरपळली होती. नुसत्या टक्क्यांवर निकाल ठरत नाही.

टक्के मोजण्याची रीत सोपी आहे. प्रौढ माणसाचे डोके व मान मिळून ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, छाती-पोट १८, पाठ १८ आणि जननेंद्रियाचा भाग १ टक्का. रुग्णाचा बोटांसह तळवा म्हणजे अंदाजे १ टक्का.

याखेरीज रुग्णाचे वय, जखमेची खोली आणि श्वासातून गेलेला धूर यांवर जगणे-मरणे अवलंबून असते. खोल जखम फारशी दुखत नाही, कारण वेदना कळविणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. पांढरी किंवा काळी पडलेली, न दुखणारी जखम म्हणूनच जास्त वाईट. आवाज घोगरा झाला, नाकातले केस जळाले, थुंकीत काजळी दिसली, तर श्वास केव्हाही कोंडू शकतो.

पहिले दोन दिवस रक्तातील पाणी जखमांकडे झिरपत राहते. १५ टक्क्यांहून अधिक भाजलेल्या प्रौढाला सलाईन लागतेच. ५० किलो वजनाचा माणूस ४० टक्के भाजला, तर नेहमीच्या हिशेबाने २४ तासांत सुमारे ८ लिटर सलाईन लागते. त्यातील निम्मे भाजल्यापासून पहिल्या ८ तासांत जावे लागते. घरी दवडलेला प्रत्येक तास यातूनच वजा होतो. सुरुवातीला शुद्धीवर असणारा रुग्ण पुढे मूत्रपिंड बंद पडून दगावतो, तो यामुळे. यातून निभावला, तरी कातडीचे कवच गेल्याने जंतुसंसर्गाचा धोका पुढे कित्येक दिवस राहतो.

तेव्हा काय करावे? आग विझवून जखमेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ लावू नये. बांगड्या, अंगठ्या लगेच काढाव्यात, कारण पुढे सूज येते. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, शेण काहीही लावू नये. नंतर स्वच्छ सुती कापडाने झाकून, वरून चादर पांघरून १०८ ला फोन करावा आणि वाशीम किंवा अकोल्याचा रस्ता धरावा. विजेच्या धक्क्यात वरची खूण लहान असली, तरी आतले स्नायू जळालेले असू शकतात. तोही रुग्ण न्यावाच.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे. त्यामुळे रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत घ्यावे. पण कागद सापडेपर्यंत रुग्णाला थांबवू नये. कागद मागाहून आणता येतात.