‘सरंजाम’ या शब्दाचा निवाडा

१९४७ नंतरही दादरा व नगर हवेली हे प्रदेश पोर्तुगिजांच्याच ताब्यात होते. १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी ते मुक्त केले. तेथे दमणहून पोहोचायचे, तर भारतीय भूमी ओलांडावी लागे; भारताने ती वाट रोखली होती. म्हणून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला.

पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेल्या तहाने या गावांवर आपले राज्य प्रस्थापित झाले, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने ते अमान्य केले. मराठ्यांनी दिला होता तो केवळ सरंजाम, म्हणजे महसूल घेण्याचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. मात्र पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगीज सत्ता मान्य केली होती. त्या काळातील प्रथेनुसार सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य व शस्त्रे यांना नव्हता. वाट रोखण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, असाही निर्णय झाला.

१९६१ मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला. पोर्तुगालने मात्र १९७४ च्या अखेरीस करार करून त्यास मान्यता दिली.

विचार करा : जमिनीचा महसूल घेणारा त्या भूमीचा स्वामी ठरतो काय?