दप्तर बदलतांना

उमरगा तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरीं दोन कागद जपून ठेविलेले असतात : सातबारा आणि आठ-अ. सातबाऱ्यांत एका गट नंबराच्या जमिनीचें क्षेत्र, तिचा धारक व पीक यांची नोंद असते. आठ-अ मध्यें एका खातेदाराच्या त्या गांवांतील सर्व जमिनी एकत्र दिसतात. या दोहोंस जोडणारा दुवा म्हणजे खाते क्रमांक. तो चुकला, तर शेत जागेवर असूनहि कागदावर धनी सांपडत नाहीं.

संगणकांतील डेटाबेसाची रचनाहि अशीच असते. माहिती निरनिराळ्या कोष्टकांत ठेवावी व सामाईक मूल्यानें तीं जोडावीं, ही कल्पना कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. अशा दुव्याच्या नियमास ‘फॉरेन की’ म्हणतात.

समजा, एका संकेतस्थळाच्या डेटाबेसांत ‘खातेदार’ व ‘शेत’ अशीं दोन कोष्टकें आहेत. ‘मायएसक्यूएल’मध्यें कोष्टकें साठविणारीं यंत्रें अनेक आहेत. पूर्वीं ‘मायआयसॅम’ हें प्रचारांत होतें. २०१० सालच्या ५.५ आवृत्तीपासून ‘इनोडीबी’ हें नेहमींचें यंत्र झालें. मायआयसॅमला दुव्याचा नियम सांगितला, तर तें ऐकून घेतें; परंतु पाळीत नाहीं व लक्षांतहि ठेवीत नाहीं. खातेदार काढून टाकला, तरी त्याचीं शेतें पोरकीं होऊन राहतात. इनोडीबी नियम पाळतें व पोरकी नोंद होऊं देत नाहीं.

मग जुन्या यंत्रांतून नव्यांत कसें जावें? प्रथम सर्व माहितीची प्रत काढावी व ती उघडून पाहावी. नंतर पोरक्या नोंदी शोधून दुरुस्त कराव्या. दुव्याच्या दोन्ही रकान्यांचा प्रकार एकच आहे ना, हें पाहावें. मग दोन्ही कोष्टकें नव्या यंत्रांत न्यावीं, आणि शेवटीं नियम पुन्हां लिहावा. कारण जुन्या यंत्रानें तो जपलेलाच नसतो.

कांहीं उतावळे लोक नियमाची तपासणी बंद करून काम उरकतात व मग ती चालू करितात. यांत मोठा धोका आहे. पुन्हां चालू झालेली तपासणी पुढील नोंदी पाहते. आधीं शिरलेल्या चुका शोधीत नाहीं. बाहेरून सर्व सुरळीत दिसतें, आणि चूक आंत तशीच राहते.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां असें काम तुमच्या हातीं येईल. पोरकी नोंद पुसून टाकणें हें क्षणाचें काम आहे. परंतु ती कोणाच्या तरी शेताची, कोणाच्या तरी परीक्षेच्या गुणांची असूं शकते. म्हणून पुसण्यापूर्वीं तिचा धनी शोधावा.