हत्ती चालतो कसा?

मुलांनो, निबंधाची वही उघडली की काय लिहावे हा प्रश्न पडतो ना? पेन्सिल चावून होते, खिडकीबाहेर पाहून होते, तरी पहिली ओळ सुचत नाही. मग आपण मनाशी म्हणतो, "लेखकांना सुचते, आपल्याला सुचत नाही!" त्यांना सुचते तरी कसे, ते आज पाहू.

सन १८३६ ची गोष्ट. एप्रिल महिन्याच्या अखेरीस 'बीगल' नावाचे जहाज आपल्या पोर्ट लुई बंदरात आले. त्यावर चार्ल्स डार्विन नावाचा सत्तावीस वर्षांचा इंग्रज तरुण होता. पुढे तो फार मोठा शास्त्रज्ञ झाला. मॉरिशसमध्ये तो सुमारे दहा दिवस होता. तो ल पूस डोंगर चढला. रिव्हिएर न्वारकडे जाऊन त्याने प्रवाळाचे खडक पाहिले. त्या प्रवासात त्याला हत्तीवर बसायला मिळाले! त्या वेळी आपल्या बेटावर तेवढा एकच हत्ती होता.

हत्ती पाहिल्यावर तुम्ही काय लिहाल? "हत्ती खूप मोठा असतो. त्याला सोंड असते." खरे आहे, पण हे तर हत्ती न पाहताही लिहिता येते. डार्विनला सर्वांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. एवढा थोरला प्राणी, पण चालताना त्याच्या पावलांचा मुळीच आवाज होत नाही! हे त्याने लिहून ठेवले.

डार्विनजवळ खिशात मावणाऱ्या लहान वह्या असत. जवळजवळ पाच वर्षांच्या त्या सफरीत त्याने अशा पंधरा वह्या वापरल्या. डोंगरावर असो की किनाऱ्यावर, दिसले की चार शब्द टिपायचे. पूर्ण वाक्ये नसली तरी चालत. मग सवडीने बसून त्या शब्दांवरून रोजनिशी लिहायची. स्मरणावर भरवसा ठेवू नये, असे त्याचे मत होते. सन १८३९ मध्ये त्याचे प्रवासाचे पुस्तक निघाले. त्यात आपले मॉरिशस आहे आणि तो हत्तीही आहे.

टॉम सॉयरची गोष्ट लिहिणारे मार्क ट्वेनही १८९६ मध्ये मॉरिशसला आले होते. त्यांच्याही खिशात वही असे. त्यांनी वहीच्या प्रत्येक पानाला बाहेर आलेले टोक ठेवून घेतले होते. पान भरले की टोक फाडायचे, म्हणजे पुढचे कोरे पान चटकन सापडते. गंमत आहे की नाही? पण अशी खास वही नसली म्हणून कोणाचे अडत नाही. जुन्या वहीची उरलेली पाने दोऱ्याने शिवली तरी छान वही होते.

आता महाराष्ट्रातील एका कवयित्रीची हकिगत ऐका. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोदे गावच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचत. पेरणी, विहिरीवरची मोट, सुगरण पक्ष्याचे घरटे हेच त्यांचे विषय. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी ती गाणी ऐकून वेळोवेळी लिहून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. जी गाणी कोणी लिहून घेतली नाहीत, ती मात्र त्यांच्याबरोबर गेली.

आपले पूर्वजही कोकणातून येथे उसाच्या मळ्यात कामाला आले. तुमच्या आजीला एखादे जुने गाणे, एखादी गोष्ट, किंवा आता घरात कोणी वापरत नाही असा एखादा मराठी शब्द येत असेल. तो कदाचित कोणत्याच पुस्तकात नसेल. ते काम सोपानदेवांसारखे तुम्हांलाच करावे लागेल, आणि आजी घरात आहे तोवरच करता येईल.

रोज दहा मिनिटे पुरेत, पण वेळ ठरलेली हवी. दिवे लागल्यावर, जेवणाआधी, केव्हाही. आज काही विशेष घडले नाही असे वाटले तरी वही उघडायचीच. आज कोणता आवाज ऐकला? कशाचा वास आला? एवढे आठवले तरी दोन ओळी होतात. "आम्ही गणेशचतुर्थी आनंदाने साजरी केली" हे वाक्य सगळा वर्ग लिहितो. "विसर्जनाला पाण्यात पाय टाकताच थंडीने अंगावर काटा आला आणि आजोबा चपला हातात घेऊन उभे होते" हे वाक्य एकाच मुलाला लिहिता येते. एखादा शब्द मराठीत आठवला नाही तर क्रिओलमध्ये लिहा. त्यासाठी थांबू नका. मराठी शब्द उद्या बाईंना विचारता येईल.

आठवड्यातून एकदा मागची पाने मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल, तिथे वाक्य बदला.

स्वाध्याय

१. डार्विनला हत्तीविषयी कशाचे नवल वाटले?
२. बहिणाबाईंची गाणी कोणी लिहून घेतली?
३. आजी किंवा आजोबांना एक जुना मराठी शब्द विचारा. तो त्यांनी प्रथम कोणाकडून ऐकला, तेही विचारा आणि आजच लिहून ठेवा.
४. शाळेच्या वाटेवरील एका झाडाविषयी, ते न पाहता लिहिता येणार नाहीत अशी तीन वाक्ये लिहा.